गुंड्याचा उपवास

कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. प्रमिळाकाकूंचा गुंड्या इतका सुटला, की त्याचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. गुंड्याला धाप लागायला लागली, तसं काकूंनी डॉक्टरांना बोलावलं.

"आठवड्यातून एक दिवस याला उपाशी ठेवा," डॉक्टर म्हणाले.

मुक्या जनावराला उपाशी ठेवायचं काकूंच्या जिवावर आलं. नवऱ्यासाठी, मुलांसाठी उपवास धरायची त्यांना सवय होतीच. गुंड्याचा उपवासही त्यांनी स्वतःच धरला.

शनिवारी त्यांनी भरपूर तूप घालून साबुदाण्याची खिचडी केली, रताळ्याचा कीस केला, दाण्याचे लाडू वळले. ज्याच्या नावानं उपवास, त्याला सोडून कसं खायचं? म्हणून गुंड्याला त्यातलं अर्धं वाढलं.

महिन्याभरात गुंड्याला उठवेना. काकूंनी काळजीनं मंगळवारही धरला.

शेवटी घुसमटलेला पट्टा म्हणाला, "काकू, पाया पडतो तुमच्या, तुम्ही जेवत चला. तुमचा उपवास याला सोसत नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "मला काही होत नाही रे," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी एवढंही करू नको?"

आणि त्यांनी गुरुवारही धरला.