काठोकाठ न भरलेला पेला

दानी, पाय पोटाशी घे. एस्तर, चादर ओढू नकोस, पुरेल सगळ्यांना. हं, आता ऐका.

खाडीच्या काठाला एक तेलीण राहायची. सेगुलाबाई तिचं नाव. आपल्यातलीच बरं का, शनिवार तेली. आठवडाभर घाणा फिरायचा, पण शुक्रवारी सूर्य बुडाला की बैल सुटायचा, घाणा थांबायचा, शब्बाथ लागायचा. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही, दिव्याला हात नाही. लावायचा तो दिवा आधीच लावून घ्यायचा.

तर ही बाई मापाला भारी सच्ची. कुणी तेल न्यायला आलं की भांडं काठोकाठ भरायची. चार थेंब सांडले तर सांडले, पण भांडं उणं दिसता कामा नये. हाताला सवयच ती.

एका शुक्रवारी काय झालं, तिचा नवरा एलोजी होडी घेऊन पलीकडच्या बाजाराला गेला, तो दुपार कलली तरी परत येईना. आणि धुकं उतरलं! अंगणातला माड दिसेना, असं धुकं. खाडीच्या तोंडाशी खडक, मेले टपूनच बसलेले. बाई दारात जाई, कान देई, परत आत येई. हाक मारून मारून घसा बसला.

तेवढ्यात धुक्यातून आला एक म्हातारा, पांढऱ्या घोड्यावर बसून.

"आजी, एलियाहू हन्नाबी!"

मी नाव घेतलं का, दानी? नवसाच्या मलिद्याच्या ताटावर आपण ज्या संदेष्ट्याचं नाव घेतो तो असेल, नाही तर दुसरा कुणी असेल. गप पडा. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. एवढ्या घोरातसुद्धा बाईनं त्याला पाणी दिलं, घोड्यालाही दिलं. म्हातारा म्हणाला, "लेकी, तुला काय हवं?"

"बाबा, उजेड द्या. एवढा द्या, की खाडीच्या तोंडापासून त्यांना दिसेल."

मग म्हाताऱ्यानं मूठ उघडली. आत नाचणीच्या दाण्याएवढा उजेड! "हा परमेश्वराच्या उजेडातला," तो म्हणाला. "एवढासा दिसतो, पण याला अंत नाही. एकच लक्षात ठेव. भांडं काठोकाठ भरू नकोस, वर जागा ठेव." एवढं बोलला नि धुक्यात गेला.

बाईचं लक्ष कुठं! तिचे कान खाडीकडे. तिनं घरातली मोठी पितळी तपेली घेतली, सवयीनं काठोकाठ तेल भरलं, वात सोडली, नि तो दाणा वातीला लावला. तोच तपेली थरथरली नि फटकन फुटली! तुकडे उडाले ते दारातून पार धुक्यात. तेल सगळं जमिनीवर. उजेड मात्र तसाच, हवेत तरंगत.

बाई म्हणाली, भांडंच लहान पडलं. सूर्य तर खाली चाललेला. मग ती घाण्याकडे धावली. घाण्याचं दगडी उखळ, आजेसासऱ्यापासूनचं! त्यात बुधल्यातलं तेल ओतलं, ओतलं, काठाला लागेपर्यंत ओतलं. दाणा वातीला लावला. आणि काय सांगू, काड्कन दगड फुटला! ठिकऱ्या उडाल्या, छपरावरून खाडीकडे गेल्या.

नवऱ्याचा पत्ता नाही, पोटापाण्याचा घाणा मोडला, आणि सूर्य बुडायला आलेला. बाई ढसाढसा रडली. "देवा, तुझा उजेड ठेवायला माझ्या घरात भांडं नाही रे!"

घरात उरला होता शब्बाथचा काचेचा पेला. बुधला उलटा केला तर तळाशी घोटभर तेल. मग तिनं पेल्यात थोडं पाणी घातलं, वर ते तेल सोडलं. पेला अर्धा रिकामाच राहिला. भरायला होतं काय तिच्याकडे! दाणा वातीला लावला, डोळे मिटून घेतले. आता फुटणार, आता फुटणार.

फुटला नाही. उजेड पेल्यात उतरला नि शहाण्यासारखा बसला. तेव्हा बाईला आठवलं, वर जागा ठेव.

पण केवढासा तो उजेड! उंबरठ्यापलीकडे जाईना. तिनं डोक्यावर पदर घेतला, प्रार्थना म्हटली, आणि सूर्य बुडाला. आता वात सारायची नाही, तेल घालायचं नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं. बसून राहणं किती कठीण असतं, तुम्हाला नाही कळायचं. वात फडफडली की हिचा जीव वर यायचा.

आणि मग बाहेर वल्ह्याचा आवाज आला. ओला गच्च एलोजी दारात! "अगं," तो म्हणाला, "खाडीभर दिवे कुणी लावलेस? मी वाट चुकून खडकांवर चाललो होतो. एक मोठा दिवा असता तर धुक्यात नुसता पांढरा पडदा दिसला असता. पण एक चिपीच्या झाडाच्या मुळाशी, एक खडकावर, एक वळणावर... एकेक बघत आलो."

बाई बघतच राहिली. त्या तिच्या ठिकऱ्या होत्या! प्रत्येकीला उजेडाचा कण चिकटलेला. जे फुटलं म्हणून ती रडली, त्यानंच नवऱ्याला घरी आणलं.

शब्बाथ उतरल्यावर सगळा गाव खाडीत उतरला. कोळणींनी ठिकऱ्या वेचून दिल्या, लोहारानं उखळाला लोखंडी पट्टी ठोकली. घाणा परत फिरला. पण सांध्यांतून उजेड झिरपायचा तो झिरपायचाच.

काय गं एस्तर? भांडी का फुटली? अगं, देव कशात मावतो का? जग करायला निघाला तेव्हा जागाच नव्हती, जिकडे तिकडे तोच. मग त्यानं अंग चोरलं, जरा सरकला, तेव्हा कुठं तुम्हाआम्हाला जागा झाली. मी नाही का भिंतीला टेकून निजत, तुम्हाला लोळता यावं म्हणून? मी गेले का कुठं? इथंच आहे ना, तुमच्या पाठीशी?

एलोजी नि सेगुलाबाई म्हातारी होईस्तोवर सुखात राहिली. आता मिटा डोळे. मी सरकते अजून थोडी.