साळिंदर खिंडीतील न दिलेली ओळ

साळिंदर खिंडीच्या माथ्यावर जुन्या इंग्रजी छावणीचे दगडी ख्रिस्ती देऊळ आहे. त्याचे दफनभूमीकडील दार उपासना चालू असता कधी लावत नाहीत, आणि तेथे कोणत्याही गीताची शेवटची ओळ गात नाहीत. पाहुण्यांनी कारण विचारले, तर मंडळीतील वडीलधारे प्रथम त्यांना दारापासून दूर बसवतात. मग सांगू लागतात.

छावणी वसली तेव्हा देवळात वाद्य नव्हते. पुस्तक एकच, वाचणारे थोडे. म्हणून देवळाचा सेवक नहेम्या गोरडे एकेक ओळ मोठ्याने देई आणि मंडळी ती गाऊन परत करी. आरंभलेले गीत अपुरे सोडायचे नाही, हा त्याचा कडक नेम. पुढे पटकीची साथ आली. आधी पाद्रीसाहेब गेले, मग घरामागून घर. एका रविवारी नहेम्याही आडवा झाला. आपल्या जागी जाऊन ओळी दे, असे त्याने बायकोला, रिबकाला सांगितले. बाईमाणसाने ओळ द्यायची रीत नाही, म्हणून ती अडखळली.

"हसायला उरलंय कोण?" तो म्हणाला. "जा. मात्र अर्ध्यावर सोडू नकोस."

देवळात खरोखरच कोणी नव्हते. उघड्या दाराशी धुके साचले होते. रिबकाने चार ओळींच्या संध्यागीताची पहिली ओळ दिली आणि सवयीने थांबली. ओळ परत आली. बाकांवरून नव्हे, दाराबाहेरून.

तिला आवाज ओळखू आले म्हणे. सुईण मार्थाचा चिरका सूर, पाद्रीसाहेबांचे अडखळते मराठी. सारी त्याच साथीत पुरलेली माणसे. पण नवऱ्याचा नेम मोडण्याचे धैर्य होईना. तिने दुसरी ओळ दिली, तिसरी दिली. तिसरीत एक नवा आवाज मिसळला. क्षीण, दुरून चालत येणारा. तो नहेम्याचा होता.

रिबकाने तोंडावर पदर दाबला. बाहेर सर्वांनी शेवटच्या ओळीसाठी एकदम श्वास भरून घेतलेला तिने ऐकला. ती ओळ तिने दिली नाही. तशीच खिंडीखालच्या घराकडे धावली. देवळातला शब्द तेथवर कधीच पोहोचत नसे. नहेम्याचे अंग गार होते, ओठ उघडे. ती हाका मारीत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि रागाने विचारले, "शेवटची ओळ का दिली नाहीस?"

त्यानंतर साथीने कोणी दगावले नाही. नहेम्या पुष्कळ वर्षे जगला. पण पुन्हा कधी गायला नाही, असे सांगतात.

आजही शेवटच्या ओळीपाशी मंडळी ओठ मिटून उभी राहते आणि कोणी मागे वळून पाहत नाही. दार लावले, तर ते ठोठावले जाईल, ही धास्ती. बाहेर भरून घेतलेला तो श्वास अद्याप कोणी सोडलेला नाही.