पाखरांमागे गेलेली आवडाबाय

फार वर्षांपूर्वी, या किनाऱ्यावर दीपगृहही नव्हतं तेव्हा, खारेवेळ गावात आवडाबाय राहायची. ती खडकावर मासळी सुकवायची आणि सुकवता सुकवता दर्या बघायची. बघून बघून तिला कळलं होतं, की दूर पाण्यावर कुरव पाखरांचा थवा सूर मारू लागला म्हणजे त्याखाली गादे असतात. गादे म्हणजे डॉल्फिन. ते खालून मासळी वर रेटतात, पाखरं वरून टिपतात. धाकटा भाऊ बाबल होडीत बसू लागला, तेव्हा तिने त्याला पहिलं हेच शिकवलं.

एका आश्विनात मोठं वादळ झालं. सगळ्या होड्या परतल्या, बाबलची आली नाही. तिच्यात चौघे होते. गावाने खूप शोधलं. पाचव्या दिवशी आवडाबाय होड्यांचा म्होरक्या सोमा तांडेल याच्याकडे गेली. तो म्हणाला, "बाय, आता रडून घे."

"मी रडाक नाय इलंय. होडी मागूक इलंय."

"बायल माणूस दर्यात जाता काय?"

"मगे तुम्ही जावा. मी घराक जातंय."

 तांडेल हळूच म्हणाला, "खय शोधतलंस?"

"पाखरां जातत थय. डोलकाठी मोडली तरी बाबल पाखरांखालीच रवतलो. थय खावक गावता, ह्यां त्याका मीच शिकवलंय."

तांडेलाने होडी दिली. बाबलची बायको शेवंती दुसऱ्या वल्ह्यावर बसली आणि दोघी निघाल्या. पहिल्या थव्याखाली नुसते गादे उसळत होते. दुसऱ्याखालीही तेच. तळहात सोलून निघाले. शेवंती रडत म्हणाली, "वन्सं, परत फिरूया."

"पाखरां फिरली काय?"

"नाय."

"मगे वल्हव."

असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी समोरचं पाणी फुगलं आणि देवळाच्या अंगणाएवढी पाठ वर आली. देवमासा! त्याच्यावर इतकी पाखरं होती, की भर दुपारी होडीवर सावली पडली. शेवंतीने डोळे मिटले. आवडाबायने मात्र होडी सरळ त्याच्या अंगालगत नेली. तिने त्या ओल्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, वाट दी." असं म्हणतात, तो एवढा मोठा जीव लाटसुद्धा न उठवता खाली गेला.

तो गेला आणि पलीकडे डोलकाठी मोडलेली होडी दिसली. चौघेही जिवंत. कच्ची मासळी खाऊन, शिडात धरलेलं पावसाचं पाणी पिऊन ते तगले होते. बाबलचे ओठ फुटले होते. तो म्हणाला, "आक्का, उशीर केलंस."

तिने त्याच्या एक थोबाडीत दिली आणि मग पाण्याचं मडकं त्याच्या तोंडाला लावलं. शेवंती हसता हसता रडायला लागली.

खारेवेळात आजही गाद्यांवर पाखरं तुटून पडली असतील, तर त्यांचं खाणं होईपर्यंत कुणी जाळं टाकत नाही. आणि एखादी होडी परतली नाही, तर शोधायला निघणाऱ्या होडीचं पहिलं वल्हं बाईच्या हाती देतात. होडी ढकलताना "सापडतील काय?" असं कुणी विचारत नाही. "पाखरां खय आसत?" एवढंच विचारतात.