तिसऱ्या चेंबरचं माप

"बारा ठेवला तर काय बिघडतंय, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांनी बशीतला चहा संपवला. मग कपातला.

धैर्यशील तीन वर्षं त्यांच्या हाताखाली इंजिनं बांधत होता. त्याआधी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकला होता, आणि ती चार वर्षं अजून डोक्यातून उतरली नव्हती. कोल्हापुरात आपल्याएवढं कुणाला कळत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. पोरगा वाईट नव्हता हो, पण घाई फार!

रविवारी घाटात शर्यत होती. गाडी त्यानं बांधलेली, चालवणार त्याची धाकटी बहीण शर्वरी. त्याला हवा होता बाराचा दाब. म्हणजे सिलिंडरात आलेलं पेट्रोल आणि हवा दाबून बाराव्या हिश्श्याएवढी करायची. जितका दाब जास्त, तितकी गाडी पळते.

"पेट्रोल कुठलं?" वस्तादांनी विचारलं.

"पंपावरचंच."

"आणि ऊन?"

"एप्रिलचं... पण मी सगळा हिशेब केलाय, वस्ताद. कॉम्प्युटरवर. जमतंय."

"हेडचे चेंबर मोजलेस?" हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि चेंबर म्हणजे त्यातले चार खळगे, जिथं पेट्रोल पेटतं.

"मोजायचे कशाला? पुस्तकात दिलंय की. बत्तीस मिली."

वस्ताद उठले. खणातून डॉक्टरकडची असते तसली मोठी सिरिंज काढली, भोक पाडलेली काच काढली, रॉकेलचा डबा पुढं सरकवला.

"पुस्तक लिहिणाऱ्यानं तुझं हेड बघितलं होतं काय रे?"

धैर्यशीलचा चेहरा उतरला. हे काम नवशिक्याचं. पण वस्तादांपुढं नाही म्हणायची टाप कुणाची? त्यानं हेड उलटं ठेवलं, ग्रीस लावून काच बसवली आणि भोकातून रॉकेल भरायला लागला.

पहिला चेंबर... बत्तीस.

दुसरा... बत्तीस. त्यानं वस्तादांकडं बघून हळूच हसून घेतलं.

तिसरा अठ्ठावीसलाच भरून वाहायला लागला.

त्यानं पुसला, पुन्हा भरला. अठ्ठावीस. आत बोट फिरवलं, तर जुन्या वेल्डिंगचा उंचवटा लागला. आधीच्या मालकानं कधीतरी तडा बुजवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

धैर्यशीलनं कागद ओढला. आकडा मांडला, खोडला, परत मांडला.

"वस्ताद... तिसऱ्यात जागा कमी, दाब तेराच्याही वर जातोय."

"मग काय होईल?"

"पेट्रोल ठिणगीची वाट बघणार नाही. आपोआप भडकेल. पिस्टनला भोक पडेल... इंजिन जाम होईल."

"कुठं?"

घाटात. चढाच्या वळणावर, चाकं जागेवर धरली जातील, आणि डाव्या हाताला दरी. हे त्याला बोलवेना. तो खाली फरशीवर बसला.

"मी तिला सांगितलं होतं, डोळे झाकून ॲक्सिलरेटर दाब... इंजिन मी बांधलंय."

वस्तादांनी सांडलेलं रॉकेल पुसून घेतलं.

मग धैर्यशील उठला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. "तुमचे उपकार कसे फेडू, वस्ताद? तुम्ही आज माझी बहीण वाचवलीत."

वस्तादांनी झटकन पाय मागं घेतले.

"मी कुठं काय केलं? चहा प्यालो. पाया पडायचं तर ह्या तिसऱ्याच्या पड. त्यानं खरं सांगितलं."

धैर्यशीलनं खरोखरच हेडला हात लावून तो कपाळाला लावला. वस्ताद गालात हसले. पण त्याला थट्टा कळली नाही, इतका तो कृतज्ञ झाला होता.

मग त्यानं तो उंचवटा घासायला घेतला. घासायचा, मोजायचा, पुन्हा घासायचा. तिसरा बत्तीसवर आला, चौथाही मोजून बत्तीसच निघाला, तेव्हा दुपार कलली होती.

"आता चारी सारखे झाले," वस्ताद म्हणाले. "ठेवतोस बारा?"

धैर्यशीलनं दाब वाढवणारे नवेकोरे उंच डोक्याचे पिस्टन खोक्यात परत भरले आणि कमी दाबाचे सपाट पिस्टन काढले.

"साडेदहा, वस्ताद. पंपाचं पेट्रोल, एप्रिलचं ऊन... बारालाही भडकू शकतं. साडेदहाच."

वस्तादांनी मान हलवली.

पिस्टन पुसता पुसता त्याचा हात थांबला. शर्वरी वर्षभर ह्या एका रविवारसाठी झटत होती. पहाटे उठून घाटाची वळणं पाठ करत होती.

"पण वस्ताद... बाकीच्यांच्या गाड्या बाराच्या आहेत. ती हरली तर?"

वस्तादांनी रॉकेलच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"हरली तर संध्याकाळी घरी येऊन तुझ्याशी भांडंल. पोटभर भांडू दे तिला."