आठ दिवसांचे यंत्र

एका गावात राणोजी नावाचा शेतकरी होता. शेतकरी गटाचा तो प्रमुख. त्याच्या शेजारचे रान भिवसन करायचा. भिवसनची स्वतःची जमीन नव्हती. शहरातल्या मालकाचे पाच एकर तो बारा वर्षे अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसत होता. दोघे लहानपणापासूनचे सोबती. दरवर्षी गव्हाच्या पहिल्या ओंब्या भिवसन राणोजीच्या बांधावर भाजायचा आणि दोघे तिथेच बसून खायचे.

एका हिवाळ्यात तालुक्याहून आठ दिवसांसाठी एक यंत्र आले. गव्हावर धरले की ते हिरवेपणा मोजायचे, आणि युरिया किती द्यायचा ते त्यावरून कळायचे. यंत्र आणणाऱ्या बाईने बजावले, "गव्हाने पहिले कांडे धरले, ताटाला पहिली गाठ दिसली, की मोजा. लवकर मोजाल तर यंत्राला पानांमधली माती दिसेल. उशिरा मोजाल तर खत वाया जाईल."

म्हणून गटाने ठरवले, ज्याची पेरणी आधी त्याची पाळी आधी.

भिवसनची पेरणी सगळ्यांत आधीची होती. त्याच्या गव्हाने कांडे धरले होते. मालकाने त्याला सांगून ठेवले होते, "मोजणीची चिठ्ठी आण, मग खत पाठवतो. यंदा रान पिकले नाही तर दुसऱ्याला देईन."

राणोजीचा गहू अठरा दिवस मागे होता. पण यंत्राची पेटी त्याच्या घरी उतरली होती. प्रमुखाने दुसऱ्याच्या मागे उभे राहायचे, हे त्याला सोसले नाही.

पहिल्या सकाळी त्याने आपल्याच गव्हावर यंत्र धरले. पीक लहान, मधे काळी माती. आकडा फार खाली आला. चार माणसे बघत होती. राणोजीला तो आकडा वर्मी लागला. त्याने युरिया फेकला, पाणी सोडले, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजले. आकडा तेवढाच. खत एका दिवसात पानात चढत नाही, हे तो चाळीस वर्षे जाणत होता. तरी त्याने आणखी फेकले.

तिसऱ्या दिवशी भिवसन आला. "राणबा, माझ्या गव्हानं कांडं धरलंय. एक सकाळ दे."

"पाच एकराला कसली घाई?"

पाचव्या दिवशी तो पुन्हा आला. "अरे, तू गहू पिकवतोयस का आकडा?"

राणोजी हसला नाही. "आकडा चढला की देतो."

सातव्या दिवशी भिवसन बांधावर नुसता उभा राहिला. राणोजीने त्याला पाहिले आणि मान फिरवली. आठव्या दिवशी गाडी आली. यंत्र पुढच्या गावाला गेले.

भिवसनने मालकाला विनवले. मालक म्हणाला, "चिठ्ठी कुठे आहे?"

तीन आठवड्यांनी यंत्र परत आले. बाकीच्यांचे गहू मागचे होते, त्यांची मोजणी वेळेत झाली. भिवसनचा गहू निसवून, ओंब्या बाहेर काढून बसला होता. बाईने मोजले आणि यंत्र खाली ठेवले.

"दादा, याला खत हवं होतं. आता देऊन दाणा भरायचा नाही."

फाल्गुनात वारा सुटला. राणोजीचा गहू खताने माजून कमरेच्या वर गेला होता. एका दुपारी तो सगळा लोळला. भिवसनचा गहू उभा राहिला, पण ओंबी अर्ध्या बोटाएवढी. मालक गाडीतून उतरला, बांधावरून पाहिले आणि रान दुसऱ्याला दिले.

त्या वर्षीही भिवसनने ओंब्या भाजल्या. तळहातावर चोळल्या, फुंकर मारली, दाणे पुढे केले.

"घे. बारीक आहेत, पण गोड आहेत."

राणोजीने ते मुठीत घेतले. दाणे तोंडात घालवेनात. "भिवसन, पुढच्या साली यंत्र पहिलं तुझ्या रानात."

भिवसनने हाताचा भुसा झटकला. "पुढच्या साली माझं रान कुठं आहे, राणबा?"

तो लेकीच्या गावी गेला. पुढच्या हिवाळ्यात राणोजीने पेरणीच्या तारखेप्रमाणे पाळ्या लावल्या आणि आपली पाळी आली तेव्हाच मोजले. त्याचा गहू चांगला आला. ओंब्या भाजायला बांधावर कोणी आले नाही.

तात्पर्य: ज्याची वेळ आली आहे त्याची वाट मोठेपणासाठी अडवू नये. अडवलेली वस्तू परत देता येते, गेलेली वेळ देता येत नाही.