बुडायला लाजणारा दगड

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हा, एका नदीच्या उताराशी, जिथून पायी पलीकडे जाता येई, चुना फासलेला दगड उभा होता. दगडाचं डोकं दिसलं तर नदी ओलांडायची, बुडालं तर काठावरच थांबायचं, एवढं सगळ्या जनावरांना ठाऊक होतं.

दगडाला मात्र या कामाची लाज वाटे. पावसाळाभर नाकातोंडात गाळ जाई, आणि पाणी ओसरलं की डोक्यावर बेडूक येऊन बसत. एका उन्हाळ्यात तो रेड्याला म्हणाला, "दादा, मला त्या दरडीवर ढकल ना. तिथून मी कायम दिसेन तरी!" रेड्याने शिंगं लावून त्याला वर नेऊन बसवलं.

भाद्रपदात वर डोंगरात पाऊस कोसळला. इथे मात्र ऊन होतं. गढूळ पाणी बघता बघता चढू लागलं. तेवढ्यात एक गाढवीण शिंगराला घेऊन आली आणि पाण्याचा आवाज ऐकून घुटमळली.

"आई, दगड दिसतोय की," शिंगरू म्हणालं.

"थांबा! पाण्याला ओढ आहे!" दगड ओरडला.

"काहीतरीच तुझं! तू तर कोरडाठाक आहेस," म्हणत गाढवीण पाण्यात शिरली. मागोमाग शिंगरू पोटापर्यंत भिजलं.

दरडीची माती पाण्याने भुसभुशीत झाली होती. दगडाने अंग सोडून दिलं. तो धाडकन आपल्या जुन्या जागी घरंगळला आणि दिसेनासा झाला.

"अगं बाई, दगड बुडाला! फीर माघारी, बाळा!"

नाकातोंडात गाळ जात असताना दगडाला खुरांचा आवाज ऐकू आला. ते काठ चढून लांब जात होते.