मोराचे तुकडे

अवघड शब्दांचा बागुलबुवा करून कुणीतरी नवख्यांना इंटरनेटच्या दारातच अडवलंय.

मोबाइलवर इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. वेबसाइट सांभाळणाऱ्या समुद्रापलीकडच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मोराचं एक चित्र होतं. एका मोबाइलने ते मागवलं.

सर्व्हर चित्रातल्या मोराला म्हणाला, "पोरा, तुझे तुकडे करतो. त्यांना पॅकेट म्हणतात."

"आजोबा, मग मी उरेन का हो?" मोर थरथरला.

प्रत्येक पॅकेटवर पत्ता आणि क्रमांक घालून सर्व्हरने ती निरनिराळ्या वाटांनी सोडली. मोबाइलवर मोर जुळत गेला, पण डोळ्याचं पॅकेट वाटेत हरवलं. मोर रडकुंडीला आला. मोबाइलने क्रमांक पाहून लगेच सर्व्हरला कळवलं, आणि त्याने जपलेल्या प्रतीतून तेवढंच पॅकेट पुन्हा आलं.

मोराने डोळा उघडला. समुद्र ओलांडूनही एक पीस कमी नव्हतं!

"घाबरट कुठला!" शेजारचा चार्जर म्हणाला. "पण हे जुळणं रोज बघतो, तरी माझ्या अंगावर काटा येतो."